भेगांचा अभ्यास

४ मार्च

आले एकदाची. जिंतूरहून सकाळची एसटी पकडली, परभणीच्या स्टँडवर उतरले, ट्रंक आणि गादीची वळकटी रिक्षात कोंबली आणि रिक्षावाल्याला ऐटीत सांगितलं, गोदातीर विद्यापीठ, मोठं गेट. त्यानं विचारलं, परीक्षा आहे का? म्हटलं, नाही, पीएच.डी. करायला आलेय. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र हे वाक्य कुणाला तरी मोठ्यानं ऐकवायचं होतं, ते ऐकवून झालं.

विद्यापीठ केवढं तरी मोठं आहे. गेटपासून मृदाशास्त्र विभागापर्यंत चालत गेलं तर घशाला कोरड पडते. वाटेत ग्रंथालय, त्याच्या पायऱ्यांवर स्पर्धा परीक्षेची पोरं पुस्तकं उशाला घेऊन पडलेली. पुढं चहाची टपरी. तिथं सगळ्या विभागांचे संशोधक विद्यार्थी उभे राहून आपापल्या गाइडची गाऱ्हाणी करतात. मीही उद्यापासून त्यांच्यातली एक. फक्त माझ्याकडे गाऱ्हाणं नाही. माझे गाइड डॉ. टेकाळे सर फार सज्जन निघाले. रिटायर व्हायला आलेत, हळू बोलतात, मला त्यांनी अहो-जाहो केलं. जेवण झालं का, असं विचारणारा प्राध्यापक मी पहिल्यांदाच पाहिला.

वसतिगृहात तळमजल्यावर खोली मिळाली. सोबतीण अर्पिता, नांदेडची, कीटकशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या कपाटात बरण्यांमध्ये अळ्या आहेत. म्हणाली, घाबरू नको, मेलेल्या आहेत. मग जरा विचार करून म्हणाली, बहुतेक.

संध्याकाळी माय-दादांना फोन लावला. ते अजून सोलापूरकडे ऊसतोडीवर आहेत. दादा, म्हणजे माझे वडील, नुसतेच हसत राहिले. मायनं विचारलं, "डाक्टर झाल्यावर सुई देशील का गं?" म्हटलं, मातीला देईन. ती म्हणाली, "दे. तिला लय गरज हाय."

८ मार्च

विषय मिळाला. काळ्या जमिनीतल्या भेगा.

ऐकायला किरकोळ वाटतो, पण मला आवडला. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते, मग तिला भेगा पडतात. त्या किती खोल जातात, आत कुठल्या दिशेला वळतात, त्यातून जमिनीतली किती ओल उडून जाते, हे मोजायचं. सरांनी आज तुकडा दाखवला. रेल्वे रुळांच्या पलीकडे, विद्यापीठाच्या हद्दीतला अगदी शेवटचा. कित्येक वर्षं त्यात काही पेरलेलं नाही. एका कडेला निंबाचं झाड, दुसऱ्या कडेला सरांचं क्वार्टर दिसतं. बाकी नुसती काळीभोर जमीन.

मोजायची पद्धत साधी आहे. गवंड्याचा असतो तसला ओळंबा, बारीक तारेला बांधलेला. तो भेगेत सोडायचा, तळाला टेकला की तारेवर खूण करायची. सर धुऱ्यावर, तुकड्याच्या बांधावरच, उभं राहून सगळं समजावत होते. मी म्हटलं, सर, एकदा तुम्ही करून दाखवा ना. ते म्हणाले, गुडघे दुखतात, तुम्हीच करा. मी केलं आणि ते बारकाईनं बघत राहिले.

माझ्या आधी या विषयावर बन्सीधर नावाचा मुलगा काम करत होता. गेल्या उन्हाळ्यात त्यानं मध्येच सोडलं. पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला गेला म्हणतात. असे पुष्कळ जातात. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. त्यानं सोडला म्हणून तर मला हा विषय मिळाला.

२२ मार्च

ऊन चढायला लागलंय. रोज सकाळी लवकर तुकड्यावर जायचे आणि दुपारी जेवणाच्या आधी परतायचे. आता तर सर म्हणतात, दुपारचीही मोजणी हवी, भेगा तेव्हाच जास्त उघडतात. म्हणून डबा घेऊनच जाते.

माती डोळ्यांसमोर उघडताना बघणं ही काय मजा आहे! आधी केसासारखी रेष उमटते. दोन-चार दिवसांत तिच्यात बोट जातं. मग फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, आणि आख्खा तुकडा कासवाच्या पाठीसारखा दिसायला लागतो. मध्यभागी एक भेग बाकीच्यांपेक्षा रुंद आहे. सर तिला 'मोठी' म्हणतात. रोज आधी मोठीचं विचारतात, मग बाकीच्यांचं.

अर्पिता म्हणते, तुझ्या विषयात हलणारं काहीच नाही, तुला कंटाळा कसा येत नाही? म्हटलं, हलतंय की. फक्त तुझ्या अळ्यांपेक्षा हळू.

३ एप्रिल

आज मोठीत ओळंबा टेकलाच नाही. होती नव्हती ती सगळी तार सोडली. काल टेकला होता. वाटलं, कुठं तरी वळला असेल, म्हणून पुन्हा सोडला. नाही टेकला. काळ्या जमिनीची भेग माणसाच्या उंचीएवढी गेली तर पुस्तकात छापतात. ही त्याच्या किती तरी पुढं गेली आहे.

मी धावतच सरांकडे गेले. वाटलं होतं ते उडी मारतील, यावर पेपर लिहू म्हणतील. सरांनी ड्रॉवर उघडला आणि तारेचं नवं भेंडोळं माझ्या हातात दिलं. म्हणजे त्यांनी ते आणून ठेवलेलंच होतं.

आणखी एक. तार वर ओढताना ती क्षणभर अडली, मग सुटली. मासा गळाला तोंड लावून सोडून देतो तशी. आतलं ढेकूळ असणार.

९ एप्रिल

आज माय-दादा आले!

कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, टोळी गावाकडे परत निघाली. ट्रक परभणीत थांबला तेव्हा दोघं उतरले आणि विचारत विचारत थेट माझ्या तुकड्यावर पोचले. मी मोठीपाशी उकिडवी बसून तार सोडत होते. अचानक धुऱ्यावरून हाक आली, "शिवेऽऽ! ए शिवेऽऽ!" दादा तोंडाभोवती हात धरून ओरडत होते, जणू मी दुसऱ्या गावात आहे. मग मायची हाक, "शिवकन्ये, भाकर खाऊन घे गं!" मी तिथूनच ओरडले, "आले गं माय!"

निंबाखाली बसून तिघांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मायच्या हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा आहेत. तिनं ते हात माझ्या गालांवरून फिरवले आणि म्हणाली, तू उन्हात लय काळी पडलीस. दादांना भेग बघायचीच होती. ते मोठीत वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आपल्या बरडाला असलं काय पडत न्हाई." आमची जमीन जिंतूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आहे. नुसता मुरूम. मी त्यांना समजावलं की बरड जमिनीत चिकणमातीच नसते, म्हणून ती आकसत नाही, म्हणून भेगाळत नाही. दादा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी पोथी वाचतेय.

त्यांना स्टँडवर सोडून विभागात आले. सरांना आनंदानं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, बाहेरच्या माणसांना तुकड्यावर आणायचं नाही. मग थांबून, अगदी हळू विचारलं, त्यांनी तुम्हाला नावानं हाक मारली का? आणि तुम्ही ओ दिलीत?

हा काय प्रश्न झाला?

१७ एप्रिल

ऊन लागलं असावं. तसंच असणार.

दुपारी मोठीपाशी बसले होते. आसपास कुणी नाही, वाराही नाही. तार सोडत होते आणि खालून आवाज आला, "शिवकन्ये, भाकर खाऊन घे गं."

मायचा आवाज. जसाच्या तसा. 'गं' लांबवायची तिची तीच लकब. मी मागं वळून धुऱ्याकडे पाहिलं, कुणी नव्हतं. पुन्हा आला. या वेळी मला कळलं की तो बाजूनं येत नाही, माझ्या दोन्ही पायांच्या मधून, भेगेतून येतोय. आणि त्याच्यासोबत गार हवा आली.

तार हातातून सुटली. मी धावले. अर्पितानं आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर म्हणाले, उष्माघाताची सुरुवात आहे, मीठ-साखरेचं पाणी प्या, टोपी घाला. मी मायला फोन केला. ती घरीच होती, भांडी घासत होती. मी काहीच सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात सल्लागार समितीपुढं माझं पहिलं सेमिनार आहे. तिथं काय सांगू? जमीन बोलते?

२२ एप्रिल

आज विभागाच्या ओसरीत एक बाई बसलेली दिसली. हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. शिपाई तिला सांगत होता, सर मीटिंगला गेलेत. सर आतच होते. मी त्यांच्या खोलीचा पंखा ऐकत होते.

तिला मी टपरीवर नेऊन चहा पाजला. सरजाबाई, पेडगावची. बन्सीधरची आई. म्हणाली, वरीस झालं, पोरगं घरी आलं नाही. विद्यापीठ म्हणतं पुण्याला गेला. पुण्याचे क्लासवाले म्हणतात, या नावाचा कुणी नाही. मी विचारलं, फोन? ती म्हणाली, "फोन लागतो की. रिचार्ज आमीच मारतो. रोज दुपारी भाकर खायाच्या येळेला लावते मी. वाजतो, वाजतो, कुनी उचलत न्हाई. पर वाजतो म्हंजी हाय कुटं तरी."

मग म्हणाली, गेल्या उन्हाळ्यात त्याला डबा घेऊन आले होते. हितंच, त्या रुळाच्या पल्याड. धुऱ्यावरून हाक मारली तर कसा हसत पळत आला.

चहाचा कप मी खाली ठेवला. तिच्याकडे बघवेना.

२३ एप्रिल

जायला नको होतं. पण न गेले असते तर झोपले नसते.

दुपारी तुकड्यावर गेले. मोठीपासून दूर उभी राहिले. ऊन असं की जमीन पांढरी दिसत होती. जेवणाची वेळ झाली असेल. आणि खालून फोन वाजायला लागला.

बारीक, खोल. सनईची धून. वाजत राहिला, बंद झाला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. तिकडं पेडगावला ती बाई ताटापुढं बसून फोन कानाला लावून बसली असेल.

वरीसभर जमिनीत असलेला फोन वाजत नसतो. मी शिकलेली आहे. मला माहीत आहे.

२४ एप्रिल

सरांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि विचारलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते खुर्चीत खचले. त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवते.

ही भेग दर उन्हाळ्यात तिथंच पडते. तरुण असताना ते स्वतः मोजत. मोजत राहिलं की ती जागची हलत नाही. मोजणं सोडलं की सरकायला लागते. आणि ती ऐकते. तिच्यावरून मारलेली हाक आणि तिच्यापाशी दिलेली ओ, दोन्ही ती ठेवून घेते, आणि मग त्याच आवाजात त्या माणसांना बोलावते. एका वर्षी कंटाळून सरांनी मोजणी बंद केली. त्या मे महिन्यात भर दुपारी त्यांच्या पत्नी अंगणातून उठल्या. शेजारणीला म्हणाल्या, हे हाक मारताहेत, आले. सर तेव्हा विभागात वर्ग घेत होते.

मी विचारलं, मग आता तुम्ही का मोजत नाही? ते म्हणाले, "ती मला माझ्या बायकोच्या आवाजात बोलावते. धुऱ्याच्या आत पाय टाकला तर मी परत येणार नाही. मला माहीत आहे, ती ती नाही. तरी येणार नाही."

आणि बन्सीधर? त्याला का नाही सांगितलं?

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, सांगितलं असतं तर तो मोजायला आला नसता.

मी उठले. त्यांनी हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. म्हणाले, पाऊस पडेपर्यंत फक्त. पावसात ती मिटते. तुम्ही सोडून गेलात तर ती सरळ माझ्या दारात येईल. मी म्हटलं, आणि मी मोजत राहिले तर माझं काय होईल? त्यांनी तारेचं भेंडोळं माझ्यापुढं सरकवलं.

मी मोजणार नाही.

२८ एप्रिल

चार दिवस गेले नाही. कुलसचिवांकडे अर्ज करायचा विचार केला. काय लिहिणार? गाइड बदलून मिळावा, कारण — पुढं पेन चालत नाही. टपरीवरच्या एकाला नुसतं सुचवून पाहिलं, तो हसून म्हणाला, सगळ्यांचेच गाइड गिळतात, तुझा तरी सज्जन आहे.

संध्याकाळी लांबून तुकडा बघितला. मोठी धुरा ओलांडून बाहेर आली आहे. पण सरांच्या क्वार्टरकडे गेलेली नाही. तोंड इकडं आहे. रुळांकडे. वसतिगृहाकडे.

३० एप्रिल

ग्रंथालयातून परतले तर अर्पिता दारात उभी, पांढरीफटक. मला बघून मागं सरकली. म्हणाली, तू आत्ता मागच्या अंगणात होतीस ना? मी नव्हते. ती म्हणाली, तू मला हाक मारत होतीस. आले गं, आले गं, असं सारखं. हसत होतीस. मी मागं गेले, तर तिथं कुणी नव्हतं. कपडे वाळत घालायच्या तारेखाली जमीन फाटली आहे.

आम्ही दोघींनी जाऊन पाहिलं. हाताएवढी भेग. अर्पितानं वाकून बघितलं नाही. मीही नाही.

ती उद्या नांदेडला जातेय. मलाही चल म्हणाली. पण माझ्याकडे बघताना तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी बोलते तेव्हा ओठ हलतात का, हे ती बघत होती.

२ मे

सकाळी सरजाबाईंचा फोन आला, टपरीवर माझा नंबर घेतला होता त्यांनी. आवाज आनंदानं फुटत होता. "बाई, उचलला! बन्सीनं काल फोन उचलला! माय, ये म्हनला. रुळाच्या पल्याड हाय म्हनला, डबा घेऊन ये. परभनीच्या स्टँडवरून निघालेच मी."

मी धावत सुटले. त्या धुऱ्यावर पोचल्याच होत्या. हातात डबा, कानाला फोन. मी त्यांना कवटाळलं. सगळं सांगितलं, रडत, तुटक, जमेल तसं. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. पोराचा आवाज, लाघवी, "माय, कवर वाट बगू?" आणि तोच आवाज, त्याच क्षणी, फोनशिवाय, जमिनीतूनही.

त्यांनी दोन्ही ऐकलं. तरी म्हणाल्या, "ल्योक बोलावतोय आन् मी जाऊ नको?" मला शिव्या दिल्या. चावल्या. मी त्यांना ओढत रस्त्यावर आणलं, रिक्षात घातलं, पेडगावपर्यंत स्वतः सोडून आले. त्यांच्या थोरल्या सुनेला सांगितलं, दार लावून घ्या, एकटीला सोडू नका. ती मानेनं हो म्हणाली.

मला वाटतंय मी एक माणूस वाचवलं.

३ मे

धुऱ्यावर चपला आहेत. सरजाबाईंच्या. जोडीनं नीट काढून ठेवलेल्या. देवळात जाताना काढतात तशा.

डबा नाही.

४ मे

पोलीस येऊन गेले. बघितलं, चपला नेल्या, कोरड्या विहिरी शोधू म्हणाले. सर आले नाहीत. मी रजेचा अर्ज घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेले. त्यांनी खिडकीतूनच सही केली. सगळ्या दारा-खिडक्यांच्या फटी कापडाच्या बोळ्यांनी बुजवलेल्या, दोन्ही कानांत कापूस. माझं बोलणं त्यांना ऐकू आलं नसावं. पण निघताना ते ओरडले, "ती माझ्याकडे येत नाहीये! तुम्हाला ओळखते ती, तुमच्यामागं येणार! कुठं जाल?"

घरी जाईन. आमची जमीन बरड आहे. बरडाला भेग पडत नाही.

६ मे

घर. माय-दादांना सांगितलं की सुट्टी लागली. मायनं पुरणपोळी केली. पायाखाली मुरूम कचकचतो, त्या आवाजानं किती दिवसांनी बरं वाटलं. अनवाणी शेतभर फिरले. खडा, मुरूम, खडा. कुठंही चिकण नाही. दुपारी गाढ झोपले.

एवढंच केलं. दोघांना शपथ घातली की शेतात कुणी हाक मारली तर आधी माणूस बघायचं, मगच ओ द्यायची. दादा हसले. म्हणाले, शिकून शिकून पोरगी भित्री झाली.

१० मे

दादा जेवताना म्हणाले, तुझ्या इद्यापीठानं शिकवलेलं खोटं निगालं बग. खालच्या तुकड्यात बरडाला भेग पडली. लांब, सरळ, दोर टाकल्यावानी.



जाऊन पाहिली. अशी भेग शास्त्राप्रमाणे पडूच शकत नाही. मुरूम दोन्ही बाजूंना कापल्यासारखा. काठाशी बसले नाही. लांबूनच कळलं, गार हवा येतेय.

आपण मामाच्या गावाला जाऊ म्हटलं. माय म्हणाली, पेरणी तोंडावर आलीय. दादा म्हणाले, भेगेला भिऊन कुनी रान सोडतं का?

घराकडे तोंड आहे.

११ मे

मी मोजायचं ठरवलं. मोजत राहिलं की थांबते. दोरीला वरवंटा बांधला आणि गेले. सोडला. टेकला नाही. सोडत राहिले —

खालून कुणीतरी दोरी हळूच हातात घेतली. ओढली नाही. फक्त धरली.

मी दोरी सोडून पळाले. आता मोजायलाही काही नाही.

१२ मे, दुपार

दादा शेळ्या घेऊन गेलेत. मी जाऊ नका म्हटलं. मायलाही रडून सांगितलं, त्यांना अडव. गेलेच.

माय अंगणात डाळ निवडत होती. मी आत. शेताकडून हाक आली. माझीच. "माऽऽय!" मायनं ओ दिली. मी आतून ओरडले, माय, मी इथं आहे! ती थबकली. शेताकडून आलं — "माय, मी इथं आहे!" तसंच. घाबरलेलंसुद्धा तसंच.

ती एकदा दाराकडे बघे, एकदा शेताकडे. पाय शेताकडे वळत होते. मी धावले, कंबरेला मिठी मारून तिला आत ओढली. कडी लावली.

दोघी आत बसलोय. तिचे हात गार पडलेत. ती एकच विचारते, मग तुजा बाप कुटं हाय?

लिहीत राहिलं की कमी ऐकू येतं. म्हणून लिहितेय.

दार वाजलं.

दादांचा आवाज. "शिवे, दार उघड. ऊन लागलं गं. पानी दे."

माय उठली. मी हात धरला. ती म्हणाली, "तुजा बाप हाय त्यो." मी म्हटलं, नसले तर? ती म्हणाली — "आन् असला तर?"

मी हात सोडला नाही. 

आवाज बसत चाललाय. पानी. पानी. दाराला काही तरी टेकलं. घसरत खाली गेलं. धाप लागलेली ऐकू येते.

मी धरून ठेवलंय तिला. 

मायनं माझ्या तोंडात मारली. आजवर कधी मारलं नव्हतं. कडी काढली —

दादा. दादाच. उंबऱ्याशी मुटकुळं करून पडलेले. अंग तापलेलं, ओठ फाटलेले. माय त्यांना मांडीवर घेऊन पाणी पाजते आहे. ती रडते आहे. मला म्हणते, मारत होतीस तू ह्याला. होय. मारत होते. मी माझ्या बापाला उन्हात —

शेताकडून हाक.

दादांची. लांबून. जीव तोडून. "शिवे, दार उघडू नको! मी येईस्तोवर दार उघडू नको! मायला धर —"

मायच्या हातातला तांब्या थांबला.

उंबऱ्यातले दादा पाणी प्यायचे थांबलेत. मान वळवून ऐकताहेत. आता माझ्याकडे बघून म्हणतात, ओ देऊ नको.

पुन्हा हाक. जवळून. धावत येतंय कुणी तरी. मुरूम वाजतोय —

माय माझ्याकडे बघते आहे. मला विचारते, तू शिकलेली हाय, तूच सांग, ह्यातला आपला कोन —

मी उंबऱ्यातल्या दादांचा हात धरून बघते, भेगेतल्या हवेसारखा गार आहे का. हात तर